गोटमारीचा दिवस आणि बाकीच्या रात्री

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, पोरांचा तान्हा पोळा भरतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून दगड सुटू लागतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. एकाने झाड तोडून न्यायचं, दुसऱ्याने नेऊ द्यायचं नाही. एका गावचा मुलगा दुसऱ्या गावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्ही काठांवरून दगड आले, अशी त्यामागची सांगोवांगीची गोष्ट. या दगडफेकीला गोटमार म्हणतात. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात, कुणाचा डोळा जातो, अधूनमधून कुणी जीवानिशी जातो. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली. दगड थांबले नाहीत.

त्या दिवशी नदीकाठी वैद्यकीय शिबिरं लागतात, अ‍ॅम्ब्युलन्स ओळीने उभ्या राहतात, आजूबाजूचे डॉक्टर बोलावून घेतले जातात. टाके घालून घेतलेला तरुण डोक्याला पट्टी बांधतो आणि पुन्हा नदीकडे धावतो. काही जण तेवढ्यासाठीही येत नाहीत. चंडीमातेचा अंगारा लावला की त्यांचं भागतं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे, पुन्हा टाके. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की डॉक्टरला आतून पोखरणारा दिवस हाच.

मला तसं वाटत नाही. डॉक्टरांच्या थकव्यावर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, त्याच्या उजेडात पाहिलं तर गोटमारीचा दिवस त्यातल्या त्यात बरा निघतो. काम अमाप असतं हे खरं. पण शेजारी दुसरा डॉक्टर असतो, सिस्टर जास्त असतात, गॉझ आणि धागा संपणार नाही याची कुणीतरी आधीच तजवीज केलेली असते. पोलीस दारात असतात. आणि समोरची जखम हाताने शिवता येण्यासारखी असते. डॉक्टर खचतो तो वर्षाच्या बाकीच्या रात्रींत.

त्या रात्री कळायला थोडा भूगोल लागतो. पांढुर्णा आणि सौंसर हा नागपूरच्या उत्तरेला लागून असलेला मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. संत्र्याचा आणि कापसाचा. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सौंसरजवळच जामसांवली. पिंपळाखाली निद्रिस्त हनुमान, मूर्तीच्या नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, मंगळवार-शनिवारी तुडुंब गर्दी. २०२३ मध्येच इथल्या ‘हनुमान लोक’ प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, म्हणजे गर्दी आता वाढणारच. गर्दी वाढली की रस्त्यावर गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की अपघात. जिल्ह्याचा फलक लागला म्हणून मेंदूचा सर्जन आणि व्हेंटिलेटर सांभाळणारा भूलतज्ज्ञ पाठोपाठ येत नाहीत. त्यामुळे या भागातल्या कॅज्युअल्टीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: नागपूरला न्या. नागपूर म्हणजे मेडिकल, मेयो, नाहीतर अलीकडे एम्स. मधे राज्य बदलतं आणि तासाभराच्या वर रस्ता असतो.

अशा एखाद्या रात्री ड्यूटीवर एकच डॉक्टर आहे असं धरू. खरिपाचे दिवस आहेत. ‘त्यानं औषध पेलं जी,’ असं म्हणत चौघे जण एकाला उचलून आणतात. या मुलखात औषध म्हणजे फवारणीचं. प्यायलेलं असो की फवारताना अंगात भिनलेलं असो, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर चित्र ओळखीचं असतं: तोंडातून फेस, दरदरून घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, फुप्फुसात पाणी. उतारा अ‍ॅट्रोपिन. हे इंजेक्शन एकदा देऊन मोकळं होता येत नाही. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, कोरडी झाली नसेल तर डोस दुप्पट करायचा, पुन्हा ऐकायची. कमी पडलं तर रुग्ण स्वतःच्याच स्रावात बुडतो, जास्त झालं तर भ्रमिष्टासारखा करू लागतो. म्हणजे निदान तासभर तरी डॉक्टरने त्या खाटेपासून हलू नये. तेवढ्यात साप चावलेली बाई येते. तिला प्रतिसर्पविष सुरू करायचं तर त्याचीच अ‍ॅलर्जी येऊन रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन भरून तिच्याही उशाशी थांबायला हवं. त्यातच दारूच्या भांडणात फुटलेलं डोकं घेऊन पोलीस येतात आणि एमएलसीचे, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचे, कागद लगेच मागतात. तीन खाटांपाशी एकाच वेळी उभं राहता येत नाही. कुठल्या खाटेकडे पाठ करायची हे ठरवणं, हे त्या रात्रीचं खरं काम.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फवारणीने विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-शेतमजूर आले आणि त्यांतले वीसहून अधिक दगावले. त्या बातम्यांत शेतकरी होता, कीटकनाशक कंपन्या होत्या, कृषी खातं होतं. त्या वॉर्डात रात्र-रात्र बाहुल्या तपासत फिरणाऱ्या पोरसवदा डॉक्टरांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. तशी रीतच नाही आपल्याकडे.

या खचण्याला बर्नआउट हे नाव अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये वापरलं, आणि तेही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक पाहून. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून तो रात्री तिथे जायचा आणि स्वतःही त्यात ओढला गेला होता. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही अवस्था मोजण्याची बावीस प्रश्नांची चाचणी १९८१ मध्ये मांडली. आजही जगभर तीच वापरतात. तिच्यात तीन गोष्टी तपासतात. एक, भावनिक पातळीवर पुरतं रितं होणं. झोप काढली, सुट्टी घेतली तरी भरून न येणारं. दुसरी गोष्ट जास्त घातक: समोरचा माणूस माणूस वाटेनासा होणं. ‘तीन नंबरचं पॉयझनिंग’, ‘कोपऱ्यातलं हेड इंज्युरी’ असं बोलणं कामाच्या घाईत सगळेच करतात. पण घाई संपल्यावरही त्या पॉयझनिंगला नाव आहे, बायको बाहेर बाकावर बसली आहे, हे मनाला शिवेनासं झालं की समजावं. तिसरी, आपण करतो त्याने काही फरक पडत नाही अशी खात्री पटत जाणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला जागा दिली, ती मात्र आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. नैराश्य माणसाबरोबर घरी येतं, सुट्टीवर जातं, सणालाही सोडत नाही. बर्नआउटचं मूळ कामात असतं. अर्थात दुर्लक्ष केलं तर एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही.

मग इमर्जन्सीच्याच डॉक्टरांना हे जास्त का होतं? अमेरिकेत २०१२ मध्ये हजारो डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत बर्नआउटचं किमान एक लक्षण आढळलं आणि सगळ्या शाखांत वरचा क्रमांक इमर्जन्सी मेडिसिनचा लागला. कामाचे तास हे एक उत्तर झालं, पण पुरतं नाही. काही सर्जन त्याहून जास्त तास राबतात. जास्त पटणारं उत्तर रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्येच देऊन ठेवलं होतं, आणि तेही डॉक्टरांबद्दल नव्हे, सर्वसाधारण नोकरदारांबद्दल. कामाचा रेटा आणि कामावरचा ताबा या दोन गोष्टी त्याने वेगळ्या मोजल्या. रेटा जास्त आणि ताबाही जास्त, तर माणूस दमतो पण टिकतो, शिकतोही. रेटा जास्त आणि ताबा शून्य, तिथे माणूस मोडतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात काय असतं? रुग्ण किती येणार हे नाही, कधी येणार हे नाही, खाट मिळेल का, रक्त मिळेल का, नागपूरला जागा असेल का, यातलं काहीच नाही.

हिंमतराव बावस्करांचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. नागपूरच्या मेडिकलमधून शिकलेला हा डॉक्टर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. तिथे तांबडा विंचू चावलेली मुलं यायची आणि फुप्फुसात पाणी भरून डोळ्यांदेखत जायची. उपचार ठाऊक नव्हता. पुस्तकात नव्हता आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडेही नव्हता. डॉक्टर एकटा, गाव आडवळणी, रात्री-अपरात्री हाका. खचण्यासाठी लागणारं सगळं तिथे हजर होतं. बावस्कर त्या मुलांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हृदयाचे आवाज टिपत राहिले, आणि शेवटी रक्तदाबावर वापरलं जाणारं प्रॅझोसिन हे साधं औषध लागू पडतं हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. रात्रीच्या हाका पुढेही तितक्याच येत राहिल्या; पण आता त्या हाकेला देण्याजोगं काही हातात होतं. मला वाटतं, या विषयावरचे दहा शोधनिबंध जे सांगतात ते या एका उदाहरणात आलं. मात्र प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने बावस्कर व्हावं अशी अपेक्षा धरणं हा शुद्ध अन्याय आहे. असा माणूस पिढीत एखादा निघतो. आरोग्य यंत्रणा त्याच्या भरवशावर उभी करता येत नाही.

उपाय ठाऊक असून तो करता न येणं, याला वेगळं नाव आहे: नैतिक जखम. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाला ही कल्पना सुचली. २०१८ पासून ती डॉक्टरांच्या संदर्भात वापरात आली. योग्य काय ते कळतं, ते करण्याची इच्छा असते, आणि व्यवस्था ते करू देत नाही. वर दोष तुमच्या पदरात. ‘रेफर’ या एका शब्दात हे सगळं साठलेलं आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. न्यूरोसर्जन उपलब्ध नव्हता, म्हणून निवासी डॉक्टरने त्याला दुसरीकडे हलवायला सांगितलं. नातेवाइकांच्या जमावाने त्या डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. न्यूरोसर्जनचं पद भरणं त्या मुलाच्या हातात नव्हतं, पण त्या रात्री सरकारचा चेहरा म्हणून तोच दारात उभा होता. अशा हल्ल्यांविरुद्ध मध्य प्रदेशात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. कायदा आहे हे जमावाला ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी त्या क्षणी आठवत नाही.

नांदेडला २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बाळं होती. पाहणीला आलेल्या खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला आणि ते सगळं कॅमेऱ्यात आलं. औषधखरेदी का रखडली, पदं का रिकामी, हे प्रश्न झाडूच्या चित्रामागे गेले.

इकडे पांढुर्ण्याच्या भागात, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, नैतिक जखमेचा आणखी एक प्रकार दिसला. छिंदवाड्यातल्या परासिया भागातली लहान मुलं लघवी बंद होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. आधी संसर्गाचा संशय होता, नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेकडे गेले. कारण निघालं खोकल्याचं औषध: तमिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’मध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळलं. वीसहून अधिक मुलं गेली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने डायलिसिस लावलं, व्हेंटिलेटर लावला, पुस्तकातलं सगळं केलं. मूल तरीही हातचं गेलं, आणि त्यामागे रोग नव्हता, कुठल्या तरी कारखान्यातली बेपर्वाई होती. असा मृत्यू आईबापांना समजावून सांगताना कुठले शब्द वापरायचे, हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत.

झोपेबद्दल आकड्यांतच बोलायला हवं. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, आणि चोवीस तास जागल्यावर ०.१० टक्क्यांइतकी, असं १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दिसलं. भारतात ०.०३ टक्क्यांच्या वर गेलं तर गाडी चालवणारा गुन्हेगार ठरतो. म्हणजे चोवीस तासांची ड्यूटी करून उठलेल्या डॉक्टरला आपण स्टिअरिंग देणार नाही, पण नळी घालायला श्वासनलिका देतो. अमेरिकेतल्या एका अतिदक्षता विभागात २००४ मध्ये हे प्रत्यक्ष तपासलं गेलं: चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका, छोट्या पाळ्यांच्या तुलनेत, ३६ टक्के जास्त झाल्या.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून १९९२ मध्येच कळवलं होतं की निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी साधारणतः बारा तासांपलीकडे जाऊ नये आणि आठवड्याची सुट्टी मिळावी. ते पत्र फायलीत सुखरूप आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा ती सेमिनार हॉलमध्ये विसावली होती, कारण टेकायला दुसरी जागा नव्हती. देशाला त्या निमित्ताने कळलं की सरकारी रुग्णालयात डॉक्टरला पाठ टेकायला खोली नसते. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. हा आकडा वाचून कारखान्यातला कामगार हसेल. पण निवासी डॉक्टरांना तोही मोठा दिलासा वाटला, यावरून आधीची स्थिती कळावी. आणि हे सगळं निवासी डॉक्टरांचं झालं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तासांवर तर कुठलं कार्यदल बसलेलंही नाही.

त्याच कार्यदलाच्या पाहणीत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पाच हजारांवर डॉक्टरांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आत्महत्येनंतर ग्रामीण रुग्णालयांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांवर येणाऱ्या दबावांची चर्चा काही दिवस झाली. मग दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या.

जामसांवलीच्या देवळात संध्याकाळच्या आरतीला माणसं घुमतात. ‘बाहेरचं’ आहे म्हणून ज्यांना घरच्यांनी आणलेलं असतं, त्यांत अपस्माराचे असतात, स्किझोफ्रेनियाचे असतात, आणि नुसते दुःखाने पिचलेलेही असतात. गोळ्या बंद करून तीर्थावर ठेवलेला फिटचा रुग्ण शेवटी कॅज्युअल्टीतच येतो. डॉक्टर मंडळींना या जागेबद्दल फार प्रेम असण्याचं कारण नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. तिथे मनाचं दुखणं लपवावं लागत नाही. सगळ्यांसमोर घुमता येतं, रडता येतं, बरोबर आई किंवा नवरा बसलेला असतो, आणि कुणी कामावरून काढत नाही. डॉक्टरला एवढीही सोय नाही. त्याने मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढली तर आधी कंपाउंडरला कळेल, मग गावाला, मग वरिष्ठांना. म्हणून तो स्वतःच्याच हाताने झोपेची गोळी लिहून घेतो. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, लॉर्ना ब्रीन या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख डॉक्टरने आत्महत्या केली. मदत घेतली तर परवाना जाईल या भीतीने ती शेवटपर्यंत धास्तावली होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. तिच्या नावाचा कायदा तिथे २०२२ मध्ये झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो डॉक्टरांसाठीही आहे, हे डॉक्टरांनाच सांगावं लागतं.

उपायांच्या नावाखाली आपल्याकडे सहसा योगशिबिर होतं, आणि तेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. श्वासावर लक्ष देण्याने कुणाचं वाईट होत नाही. पण २०१७ मध्ये निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की डॉक्टरला समजावण्यापेक्षा पाळ्या, कामाची वाटणी आणि संघ यांत बदल केल्याचा फायदा जास्त होतो. पांढुर्ण्यात याचा पुरावा दरवर्षी एक दिवस सगळ्यांसमोर असतोच: माणसं वाढवता येतात, सामान वेळेवर येतं, पोलीस दारात थांबू शकतात.

बाकीच्या रात्रींसाठी पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं एक उत्तर याच राज्यात जन्मलं आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९४ च्या सुमारास पहिली रोगी कल्याण समिती झाली आणि पुढे ती कल्पना देशभर गेली. महाराष्ट्रात तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. रुग्णालयाने जमवलेला पैसा तिथेच खर्च करण्याचा अधिकार या समितीला असतो, आणि तिच्यावर लोकप्रतिनिधी, अधिकारी, गावातली प्रतिष्ठित मंडळी बसतात. तिच्या बैठकीत फरशी, रंग आणि वॉटर कूलर यांवर पुष्कळ चर्चा होते. रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी आतून कडी लागणारी खोली, दारावर एक रखवालदार, नातेवाइकांशी बोलायला आणि एमएलसीचे कागद सांभाळायला एक माणूस, विषबाधेच्या हंगामापुरता दुसरा डॉक्टर घरून बोलावून आणायला गाडी: यातल्या पहिल्या तीन गोष्टींना भोपाळची वाट पाहायची गरज नाही. चौथीसाठी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची सही लागेल, आणि ती खरीप उभा होण्याआधी, जूनमध्येच घेऊन ठेवावी लागेल.